अर्ध्यावर उठलेली पंगत

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही जेवण नुसतं जेवण म्हणून जेवलेलं नाही. समोर ताट आलं की तुम्ही-आम्ही लिंबू पिळतो आणि हाणायला लागतो. साडू आधी ताटाकडे बघत बसतात. मग वरणाच्या वाटीकडे बोट दाखवून शेजारच्याला विचारतात, “हे काय हाय?” तो बिचारा म्हणतो, “वरण.” साडू मान हलवतात. “वरण न्हाई, अक्षरं हायेत ही. डाळीत शब्द असतात. पोट ते शब्द मोडतं, अक्षरं सुटी करतं, आणि अंगाला जो शब्द पाहिजे तो त्याच अक्षरांतून नव्यानं बांधतं. आज खाल्लेलं वरण उद्या तुमचा केस होईल.” शेजारच्याला हटकून टक्कल असतं. तो एकदा वाटीकडे बघतो, एकदा साडूंकडे, आणि पुढच्या लग्नात त्यांच्यापासून चार पाट सोडून बसतो. लातूरच्या डाळमिलवरून जाताना तर साडू स्कूटरचा वेग कमी करतात आणि मागे बसलेल्याला सांगतात, “बघा, केवढी अक्षरं पोत्यात भरून राहिले.” मागे बसलेला बहुतेक वेळा मीच असतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण एवढ्यावर ते नातं संपत नाही. त्यांनी केली ती सख्ख्या मामाची मुलगी, त्यामुळे ते माझ्या बायकोचे आतेभाऊही लागतात. लहानपणी ती त्यांना दादा म्हणायची आणि बहिणीच्या लग्नानंतर एका दिवसात दाजी म्हणायला लागली. पहिली काही वर्षं तिच्या तोंडून चुकून ‘दादा’ निघून जायचं आणि सासूबाई डोळे वटारायच्या. आमचे सासरे उदगीरचे कापडाचे व्यापारी. त्यांना साडू मामा म्हणतात ते जन्मापासून, आणि मी मामा म्हणतो ते जावई म्हणून. मी नांदेडचा, नळ-पाइपच्या दुकानातला, या घराण्याशी आधी कसलाही संबंध नसलेला माणूस. लग्नात सगळ्यांनी मला ‘परक्यातला जावई’ म्हणूनच एकमेकांना दाखवलं होतं. पुढे या परकेपणाचं काय मोल ठरेल ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

साडू लातूरला जीवशास्त्र शिकवतात. अख्ख्या मराठवाड्यातून डॉक्टर व्हायला निघालेली पोरं तिथं येतात, एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात, मेसच्या डब्याला नावं ठेवतात आणि उजाडायच्या आत क्लासला पळतात. त्या पोरांना पेशी प्रथिनं कशी बनवते हा धडा शिकवावा तो साडूंनीच. शाळेत असताना माझी आणि विज्ञानाची नजरानजर झाली की दोघंही रस्ता बदलायचो; पण एकदा लातूरला गेलो असताना त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाहेर ऊन मरणाचं होतं आणि आत पंखे होते, एवढंच कारण. बघतो तर सगळा वर्ग तीन टाळ्या वाजवून एक नाव घेतोय, परत तीन टाळ्या, परत एक नाव. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत भजन चाललंय. पेशीतल्या सूचनेची अक्षरं म्हणे चारच, पण ती वाचायची तीन-तीनच्या गटानं. तीन अक्षरं वाचली की एक पदार्थ आणायचा, पुढची तीन वाचली की दुसरा, आणि ते क्रमानं एकाला एक जोडत गेलं की प्रथिन तयार. फळा कोराच होता. साडू खडूचा उपयोग फक्त झोपलेल्या पोराला मारायला करतात.

पण त्यांचा खरा धडा पंगतीचा. कुणाच्याही घरी कार्य असो, साडू बाह्या सावरून पंगतीचा ताबा घेतात. आचाऱ्याकडे जेवणाचा मूळ कागद असतो, तो कोठीघरातून बाहेर न्यायला त्यांची सक्त बंदी. “मूळ कागद आतच राहील. एखादा भिजला, फाटला तर? बाहेर जायची ती नक्कल.” मग नक्कल घेऊन ते पंगतीच्या टोकाशी उभे राहतात आणि एकेक पदार्थ पुकारतात. वाढप्यानं एकच पदार्थ धरायचा. भाजीवाल्यानं चटणीला हात लावला तर साडू भर मांडवात ओरडतात. सुरुवात मिठानंच झाली पाहिजे, कारण पेशीतलीही प्रत्येक सुरुवात एकाच ठरलेल्या पदार्थानं होते. मीठ, लिंबू, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, वरण, पोळी, भात, मग गव्हाची गुळातली खीर, जिला उदगीरकडं हुग्गी म्हणतात, आणि शेवटी ताक. “आणि मग थांबायची खूण,” साडू बोट वर करून म्हणतात. “ती लागतेच. खूणच नसेल तर माणसं कवापर्यंत जेवणार?” आमच्या पंगतीत ती खूण म्हणजे पहिल्या पाटावरचा थोर माणूस. तो हात धुवायला उठला की सगळी पंगत उठते. ताटात काय राहिलं, आतून काय यायचंय, कुणी बघत नाही. थोरला उठला, जेवण झालं. साडूंना ही रीत फार आवडायची. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या कुण्या आजोबाला पेशीतलं गुपित कळलं असणार, अशी त्यांची खात्री होती.

त्यांनी लातूरला घर बांधलं तेव्हा माझं नवीनच लग्न झालं होतं. वास्तुशांतीला सगळं गणगोत जमलं. साडूंची एकुलती मुलगी पल्लवी तेव्हा तान्ही, मांडीवरून मांडीवर फिरत होती. “काय गोरी पोर हाय गं,” ज्या बाईनं घेतली तिनं म्हटलं. “आपल्या घरात एवढं गोरं कुणीच न्हाई.” अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, लाजून हसत होत्या. उदगीरच्या मामांनी नातीला उचललं, डब्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि दृष्ट लागू नये म्हणून तिच्या गालावर ठसठशीत तीट लावली. त्या पांढऱ्या गालावर ती इतकी उठून दिसली की सगळ्यांना हसू आलं. मीही हसलो. जीवशास्त्राचे गुरुजी तिथंच उभे होते, तेही हसत होते. त्या पोरीच्या अंगात रक्तच नाही, हे एवढ्या माणसांत एकालाही दिसलं नाही. आमच्याकडे मुलगी पांढरी दिसली की माणसं आधी खूश होतात.

मग पंगत बसली. पहिल्या पाटावर अर्थातच मामा. साडू नक्कल घेऊन उभे. मीठ झालं, लिंबू झालं, भाजी झाली, पोळीचा दुसरा फेरा चालू होता, आणि रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. मामांना एकाएकी वाटलं की उदगीरची गाडी निघाली. “महादेवा!” म्हणून मामा ताडकन उठले. ते उठले म्हणून त्यांचे भाऊबंद उठले, भाऊबंद उठले म्हणून गल्लीतले लोक उठले, आणि बघता बघता पन्नास माणसं हात धुवायला रांगेत. भाताचं पातेलं घेतलेला वाढपी दारातच थिजला. साडू कागद हलवत धावले. “मामा! आवो मामा, आजून भात यायचाय! हुग्गी यायचीय!” मामा चुळा भरता भरता म्हणाले, “आरं, तुझं सायन्स हून राहिलं, पर माझी गाडी जाईल की!” ती गाडी उदगीरची नव्हतीच. मामा संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहिले आणि आम्ही हुग्गी गल्लीतल्या घराघरांतून वाटत फिरलो. पुढची कित्येक वर्षं साडू हा प्रसंग वर्गात सांगायचे आणि पोरं बाक बडवून हसायची. सूचना वाचून व्हायच्या आत थांबायची खूण आली तर प्रथिन कसं अर्धवट राहतं, हे त्यांच्या पोरांना कधी विसरता आलं नाही.

काही महिन्यांनी पल्लवी दूध सोडायला लागली, निजून निजून राहायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मग आई-बापाचंही तपासलं. थॅलसेमिया. अक्कांचं सगळं माहेर लातूरच्या नव्या घरात गोळा झालं. साडू खुर्चीत नुसते बसून होते. या आजाराचं नाव ते दर वर्षी वर्गात उच्चारायचे, त्यावरचे प्रश्न काढायचे, पोरांचं उत्तर चुकलं तर रागवायचे. मामांना मात्र काहीच उमगत नव्हतं. ते परत परत विचारत होते, “पर झालं काय पोरीला? खाते, पिते, मग रक्त कामून हुईना?” साडू हळूच म्हणाले, “मामा, वास्तुशांतीची पंगत आठवते का? तसंच. रक्तात एक प्रथिन लागतं, त्याची सूचना पल्लवीच्या पेशी वाचायला घेतात. मीठ येतं, लिंबू येतं, भाजी येते. अन् मधीच कुणीतरी उठतो. भात आतच राहतो.”

मामांचा चेहरा उतरला. “म्हंजी मी उठलो म्हणून?”

“न्हाई हो मामा,” साडू म्हणाले. “तुम्ही एकदाच उठलाव. ह्यो दर पंगतीत उठतो.”

प्रत्येकाजवळ त्या सूचनेचे दोन कागद असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. एक चुकला तरी दुसऱ्यावर निभावतं, माणसाला जन्मभर पत्ताही लागत नाही. साडूंकडे एक चुकलेला होता, अक्कांकडेही एक, आणि पल्लवीच्या वाट्याला नेमके ते दोन आले. इतपत साडूंनी मामांना सांगितलं आणि थांबले. चुकलेला कागद एकाच घरातून दोन वाटांनी आला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. पण मामा व्यापारी माणूस, त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. फार मागे, नवीन नोकरी लागलेला हा भाचा आईबरोबर उदगीरला पोरगी बघायला आला होता, तेव्हा त्यानं चाचरत म्हटलं होतं, “मामा, आजकाल लग्नाआधी रक्त तपासतात.” मामा खदखदून हसले होते. “माझ्या घरचं रक्त तू काय तपासतो रं? तुझ्या आईतबी तेच हाय की!” सगळं घर हसलं, आणि भाचाही हसला, कारण दाराआडून अक्का हसत होत्या आणि त्यांनी नुकतीच त्याच्या ताटलीत चिवड्याची दुसरी मूठ घातली होती. हे मला साडूंनीच सांगितलेलं आहे. सांगताना ते स्वतःलाच दोष देतात, मामांना कधीच नाही.

त्या दिवसापासून मामा कुठल्याही पंगतीत पहिल्या पाटावर बसले नाहीत. कुणी कितीही ओढलं तरी हात सोडवून घ्यायचे आणि सगळ्यांचं झाल्यावर मागं चुलीपाशी, आचाऱ्यांबरोबर उभ्याउभ्या दोन घास खायचे. लोकांना वाटलं, म्हातारा आता विक्षिप्त झाला. आपल्या उठण्यानं परत कुणाची पंगत उठू नये, एवढंच त्यामागं होतं.

साडूंनी मात्र दुसरंच खूळ घेतलं. एका दुपारी ते रक्त तपासणारा माणूस बरोबर घेऊन नांदेडला आले आणि मला दुकानातच, पाइपांच्या ढिगाऱ्यावर बसवून माझी बाही वर केली. घरी जाऊन माझ्या बायकोचंही रक्त घेतलं. निकाल आला तो सांगायला परत स्वतः आले. चुकलेला कागद माझ्या बायकोकडे होता, माझ्याकडे नव्हता, म्हणजे आमच्या मुलांना भीती नव्हती. गिऱ्हाइकं उभी असताना त्यांनी मला कडकडून मिठी मारली. “साडू, तुम्ही परके निघालाव! लई बरं झालं, लई बरं झालं!” आणि मिठी सोडेनात. माझ्या खांद्यावर त्यांचं तोंड होतं आणि माझा सदरा भिजत होता. गिऱ्हाइकांना वाटलं, कुणीतरी वारलं. मला स्वतःच्या पोरांसाठी आनंद झाला आणि त्याची लाज वाटली, दोन्ही एकाच वेळी.

तेव्हापासून नात्यात कुठंही सोयरीक जुळत असली की साडू न बोलावता हजर. पत्रिका, मानपान, हुंडा-बिंडा या गोष्टी चालू असताना मधेच म्हणायचे, “रक्त तपासलं का?” आणि लगेच पुढं, “दोघांचंबी तपासा. मामाची पोरगी असली तर आधी तपासा.” लोक त्यांना टाळायला लागले. बिलोलीच्या एका सोयऱ्यानं साखरपुडा गुपचूप उरकला, तरी साडूंना सुगावा लागला आणि ते पेढ्याच्या वेळेला पोचले. नवरदेवाच्या बापानं हात जोडले, “गुरुजी, शुभकार्यात रक्ताचं नाव काढू नका.” साडूंनी पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाले, “काढतो.” दोघांची तपासणी करवूनच परतले. ती बिनधोक निघाली, तेव्हा एकट्या साडूंनी गल्लीत ढोल असल्यासारखा नाच केला, असं सांगणारे अजून आहेत.

पल्लवीला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागायचं. “आपल्या चुलीवर शिजंना, म्हणून शेजाऱ्याचं ताट येतं,” अक्का म्हणायच्या. हे ताट कमी पडू नये म्हणून साडूंनी माणसांची नावं लक्षात ठेवणं सोडलं आणि रक्तगट लक्षात ठेवायला लागले. रस्त्यात जुना विद्यार्थी भेटला की हाक मारायचे, “अरे बी पॉझिटिव्ह! कुठं असतो सध्या?” पल्लवीचा गट तोच, त्यामुळे त्या गटाच्या माणसाला त्यांच्या घरी राजाचा मान. माझी बायको बी पॉझिटिव्ह. तिला लातूरला गेल्यावर धिरडी, दही, लोणी. मी ए पॉझिटिव्ह, मला “चहा घेता का?” असं विचारायचे, आणि मी हो म्हणायच्या आत विषय बदलायचे. क्लासातली मुखेडची एक पोरगी ओ निगेटिव्ह, म्हणजे कुणालाही चालणाऱ्या रक्ताची निघाली, तर साडू तिला पावसात भिजू द्यायचे नाहीत. तिला स्वतःला कळेना, आपल्या शरीराची सरांना एवढी काळजी का. निकालानंतर पोरं शाल-श्रीफळ घेऊन पाया पडायला यायची. साडू शाल परत द्यायचे आणि विचारायचे, “अठरा पूर्ण झाले का?” झाले असतील तर त्याच पावली रक्तपेढीत.

एकदा तिथं मामाही आले. उदगीरहून एकटे, कुणाला न सांगता, धोतर-टोपी घालून, कपाळाला विभूती लावून. बाकावर बसले आणि बाही खांद्यापर्यंत सारली. तिथली मुलगी म्हणाली, “आजोबा, या वयात न्हाई घेत.” मामा म्हणाले, “आवो, नातीसाठी हाय. घ्या की.” ती परत न्हाई म्हणाली. मामांनी बाही खाली केली नाही. “जरा तर घ्या बाई. माझ्याकडनंच ते कमी पडलंय.” साडू आत आले, त्यांनी मामांची बाही स्वतः खाली केली, गुंडी लावली आणि त्यांना स्कूटरवर बसवून घरी नेलं. वाटेत डाळमिल लागली तरी त्या दिवशी साडू काही बोलले नाहीत, असं मामांनीच मला नंतर सांगितलं.

आणि पल्लवी? बापाच्या वरताण. हाडं बारीक, जीभ तेज. बाहेरच्या रक्तातून अंगात साठणारं लोखंड काढायला रोज पोटात सुई लावून तास न् तास झोपावं लागायचं, तेव्हा ती मला फोन करायची. “काका, तुमच्या दुकानात जुनं लोखंड घेता का? मी भरपूर साठवून ठेवलंय.” मला हसावं की काय करावं सुधरायचं नाही. ती म्हणायची, “हसा हो काका. बाबा हसत न्हाईत, आई हसत न्हाई, निदान परक्यातल्या जावयानं तरी हसावं.” तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. शिक्षक व्हायचं होतं, बापासारखं, पण “खडू न फेकणारी.” कॉलेजात असताना वर्गात त्या धड्याची पाळी आली तर ती स्वतः उठून पंगत सांगायची म्हणे. वास्तुशांतीतला मामांचा प्रसंग ती सांगायची नाही. “आजोबांचं नाव घेऊन कुणी हसलेलं मला न्हाई चालत,” म्हणून तिनं बापालाही तो प्रसंग वर्गात सांगायचं बंद करायला लावलं. साडूंनी मुकाट्यानं ऐकलं. एवढी गाजलेली गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

अस्थिमज्जा बदलायचा उपाय होता, पण जुळणारं माणूस मिळालं नाही. सख्खं भावंड असतं तर कदाचित जुळलं असतं, पण तेच दोन कागद परत पाठवायचं धाडस साडूंना आणि अक्कांना झालं नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षात लोखंडानं पल्लवीचं हृदय धरलं. पायावर सूज आली, जिना चढता येईना. मी आणि बायको भेटायला गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि साडू तिला वरण-भात भरवत होते. “बाबा, ही अक्षरं फार झाली,” ती म्हणाली. “आता बांधणारं कुणी न्हाई आत.” साडू म्हणाले, “एक घास.” तिनं खाल्ला. परत म्हणाले, “एक घास.” तिनं तोही खाल्ला. आम्ही नांदेडला परतलो आणि त्याच आठवड्यात दवाखान्यातून फोन आला. पल्लवी गेली.

सुतक संपवणाऱ्या गोड जेवणाच्या दिवशी लातूरच्या त्याच घरात पंगत होती. विधी करणारे जंगमस्वामी येऊन गेले. आमचे नातलग होतेच, शिवाय पोरांची एवढी गर्दी की मांडव पुरेना. किती बी पॉझिटिव्ह आले होते, सांगता येत नाही. सगळे आपापल्या पायांनी चालत येऊन पाटावर बसले. साडूंच्या हातात नक्कल नव्हती. ते सरळ मागं चुलीपाशी गेले. मामा तिथंच आचाऱ्यांजवळ उभे होते, काठी टेकून. साडूंनी त्यांचा हात धरला आणि पंगतीच्या टोकाला, पहिल्या पाटाशी आणलं.

“न्हाई रं बाबा,” मामा म्हणाले. “मला घास गिळायचा न्हाई. मी उठलो तर समदी उठतील. पोरं उपाशी जातील.”

“मीबी बसतो,” साडू म्हणाले. “दोघं संगं उठू.”

आणि ते मामांच्या शेजारी बसले. वाढायला मी होतो. मीठ वाढलं, लिंबू वाढलं, चटणी, भाजी, वरण, पोळी. कुणी पुकारत नव्हतं, तरी सगळं क्रमानं आलं. भात आला. हुग्गी आली, तीही मामांनी चमच्यानं तोंडाला लावली. साडूंनीही लावली. ताक आलं. मी शेवटपर्यंत गेलो, प्रत्येकाच्या ताटात सगळं पोचलं होतं, आतली पातेली रिकामी झाली होती. पल्लवीच्या जेवणातलं काहीही आत राहिलं नाही.

जेवण झालं आणि कुणी उठेना. पोरांचे हात वाळले. लहान पोरं आयांच्या मांडीवर कलंडली. पंगत पहिल्या पाटाकडे बघत होती, आणि पहिल्या पाटावरचे दोघं रिकाम्या ताटांकडे बघत होते.

बऱ्याच वेळानं मामांनी विचारलं, “झालं का रं समदं?”

“झालं, मामा.”

“थांबायची खूण आली?”

“आली.”

मामांनी मान हलवली. “मग आजून जरा येळ बसू.”

साडू म्हणाले, “बसू.”

आतून अक्का आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात तसराळं. माझ्या बायकोनं तांब्या घ्यायला हात पुढं केला तर त्यांनी दिला नाही. मामांपुढं वाकून त्यांनी त्यांचे हात जागच्या जागी धुतले, मग नवऱ्याचे धुतले, पदरानं पुसले. “बसा,” त्या दोघांना म्हणाल्या. “पल्लवीला घाई न्हाई.” मग तिसऱ्या पाटापुढं गेल्या, चौथ्यापुढं गेल्या, आणि त्या एवढ्या मोठ्या पंगतीत प्रत्येक पोराचे हात त्यांनी स्वतः धुतले, कुणालाही उठू न देता.